वय चौदा दिवस

खोलीच्या काचेवर आज नवी पाटी होती : ‘विद्याधर टिपणीस. वय चौदा दिवस.’

नाना एकाहत्तर वर्षांचे होते. जन्मभर त्यांनी रक्तातल्या पेशींचा अभ्यास केला आणि आता त्याच पेशी बिघडल्या म्हणून ते काचेआड होते. त्यांची नात शाल्मली बाहेर स्टुलावर बसली होती. आत शुश्रू हा यंत्रमानव दर दहा मिनिटांनी ताप मोजत होता. सकाळपासून आकडा एकशे दोनच्या खाली येईना.

“नाना, पाटी चुकलीय,” ती माइकमध्ये म्हणाली.

“बरोबर आहे. माझी जुनी अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्तपेशी तयार करणारा मऊ गाभा) औषधांनी संपवली आणि तुझ्या आत्याची घातली. त्याला चौदा दिवस झाले. तुझ्यापेक्षा लहान आहे मी. मला अरे म्हण हवं तर.”

शाल्मली हसली नाही. “मग हा ताप?”

“अंगात कुणीतरी शिरल्याची ती हाळी आहे. कातडी ही पहिली भिंत. जंतू ती ओलांडून आला, की भक्षक पेशी (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) धावतात. परका दिसला की गिळला, नावगाव विचारत नाहीत. माझ्याकडे आज त्या शून्य आहेत.”

“आणि गिळूनही जंतू संपलेच नाहीत तर?”

“मग काही पेशी जंतूचा एक तुकडा घेऊन लसीका ग्रंथीत (मान, काख इथल्या छोट्या गाठींत) जातात. तिथल्या टी-पेशींना तो दाखवतात. लाखोंतली एखादीच तो ओळखते. ती बी-पेशींना कामाला लावते आणि त्या प्रतिपिंडे (नेमक्या त्याच जंतूला चिकटणारी प्रथिने) सोडतात. पुढे काही पेशी तो तुकडा वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. माझ्या तसल्या पेशी गेल्या. गोवर नाही, धनुर्वात नाही, काही आठवत नाही.”

“तुकडा कुणी दाखवलाच नाही तर?”

“तर नेमकं कुणाशी लढायचं, तेच कळत नाही.”

शाल्मलीला सोनचाफ्याची बाटली आठवली. दरवर्षी हंगामातला पहिला सोनचाफा पाणी भरलेल्या बाटलीत बुडवून ती नानांच्या टेबलावर ठेवायची. झाकण घट्ट लावलं की फूल महिनाभर तसंच राहायचं. या खोलीत फुलं आणि साठवलेलं पाणी न्यायची बंदी होती. पण बाटली बंदच तर आहे, म्हणून परवा तिने ती लोकरी टोपीत दडवून आत पाठवली होती.

“नाना, बाटली उघडलीत तुम्ही?”

नानांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

“वास घेतला. थोडं पाणी बोटांवर सांडलं. इतकी वर्षं पोरांना शिकवलं आणि स्वतः हे केलं. कुणाला सांगू नकोस, तुला बोलतील.”

शाल्मली काचेवरच्या घंटेकडे बघत राहिली. मग तिने ती दाबली.

डॉक्टर घोरपडेबाई आल्या. शाल्मलीने टोपीपासून सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

“साठलेल्या पाण्यातले जंतू वेगळे, त्यांचं औषध वेगळं,” त्या म्हणाल्या. “शुश्रू, बाटली तपासायला पाठव. औषध आत्ताच बदलू.”

त्या दिवशी ताप उतरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शाल्मली डबा उघडून तसाच बंद करायची. पाचव्या दिवशी दुपारी शुश्रू म्हणाला, “ताप नव्याण्णव. रक्ताच्या घन मिलिमीटरमागे भक्षक पेशी दोनशे.”

“दोनशे म्हणजे पुष्कळ?”

“फार थोड्या. निरोगी माणसात काही हजार असतात.”

“पण काल?”

“शून्य.”

आत्याने दिलेल्या मज्जेने काम सुरू केलं होतं. नानांनी डोळे उघडले. “सहा महिन्यांनी माझ्या लसी सुरू होतील. लस म्हणजे जंतूचा तुकडा आधीच दाखवून ठेवणं. हात धरायला येशील?”

“रडणार नाही ना?”

“सहा महिन्यांचं मूल रडणारच.”

शुश्रूने फडकं आणि पेन शाल्मलीपुढे धरलं. तिने पाटीवरचं ‘सतरा’ पुसलं आणि ठळक अक्षरांत ‘अठरा’ लिहिलं.