नकाशावरचं माहेर

मुकुंदराव त्या दुपारी घराबाहेर पडले ते दाराला एक जास्तीचं कुलूप आणायला. संख्याशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेलेला माणूस. पण सुभानपुऱ्यात कुलूपवाला कुठं बसतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलानं, कुणालनं, त्यांच्या फोनवर नकाशाचं एक ॲप घालून दिलं होतं. वरच्या पट्टीत जागांचे प्रकार होते. औषधं, किराणा, देवळं, दवाखाने… हवा तो दाबला की नकाशावर लाल टाचण्या उमटायच्या. मुकुंदरावांनी ‘कुलूप-किल्ली’ दाबलं आणि टाचणीच्या मागं मागं चालत दुकान गाठलं.

कुलूप हवं होतं ते स्नेहलताबाईंसाठी. विसरण्याच्या आजारानं मुकुंदरावांची बायको आयुष्याची वाट उलटी चालू लागली होती. रोज पिशवी भरून दाराशी बसायची आणि म्हणायची, मला माहेरी पाठवा. माहेर कुठलं! आईवडील जाऊन जमाना झाला, पाठचा भाऊ बापूही गेला. याच शहरातल्या अकोट्यातलं घर पाडून तिथं फ्लॅट उभे राहिले. पण डॉक्टर म्हणाले होते, खोडून काढू नका, वेळ मारून न्या. म्हणून मुकुंदराव रोज सांगायचे, बापू येणार आहे न्यायला, मुराळी आल्याशिवाय लेकीनं निघायचं असतं का? संस्थानच्या फौजेतल्या माणसाच्या घरची जुन्या वळणाची लेक ती. तेवढं मात्र तिला पक्कं आठवत होतं. ती निमूट पिशवी रिकामी करायची. आपण करतो ते बरं की वाईट, या विचारानं मुकुंदरावांनाच झोप लागत नसे.

तिन्हीसांजेला ते परतले. निघताना ती झोपली होती म्हणून त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली होती. ती कडी आता निघालेली होती. आत ती नव्हती, पिशवीही नव्हती.

त्यांनी शेजारी विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. सगळे गच्चीवर पतंगांत गुंतलेले. कुणालचा फोन लागेना. तो रिफायनरीत पाळीवर होता. थंडी उतरू लागली होती आणि तिच्या अंगात स्वेटरही नव्हता. मुकुंदरावांनी ॲप उघडलं. देवळं पाहावीत? दवाखाने? की सरळ पोलीस चौकी? ते पट्टी सरकवत राहिले. पेट्रोल पंप, बागा, केशकर्तनालयं… आणि अगदी टोकाला, बाकीच्यांसारख्याच अक्षरांत, एक प्रकार होता.

‘माहेर.’

कुणालनं थट्टा केली असेल, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, डोळे फसवताहेत. त्यांनी चष्मा पुसला. शब्द तिथंच होता. दाबल्यावर नकाशा दक्षिणेकडे सरकला आणि अकोट्यात एकच टाचणी उमटली.

शहाण्या माणसानं चौकीत जावं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी रिक्षा अकोट्याकडे घ्यायला सांगितली.

टाचणीच्या जागी फ्लॅटची इमारत होती आणि तिचं तळमजल्यावरचं पार्किंग. वॉचमन गुजरातीत म्हणाला, बा, म्हणजे आजी, आत बसल्यायत, भाऊ सोडून गेले त्यांना. कसला भाऊ, असं मुकुंदरावांनी विचारलं. उंच, फेटेवाला, असं काहीसं सांगून तो पाण्याची मोटर बंद करायला गेला.

स्कूटरांच्या रांगेपलीकडे, एका खांबाला टेकून, पिशवी शेजारी ठेवून, ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. केस नुकतेच विंचरलेले, तेलानं चपचपीत, दोन घट्ट वेण्या. गेल्या कित्येक दिवसांत ती कुणाला केसांना हात लावू देत नव्हती. पेट्रोलच्या वासातून शिकेकाईचा वास येत होता, आणि चुलीच्या धुराचा.

“लता… कशी आलीस इथं?”

“बापू आला होता ना न्यायला.” तिनं त्यांच्याकडे नीट, ओळखून पाहिलं. असं तिनं फार दिवसांनी पाहिलं होतं. “तुम्हीच रोज सांगत होता.”

“चल घरी.”

“विचारा की आईला. असं न विचारता कशी निघू?”

मुकुंदरावांनी आजूबाजूला पाहिलं. खांब, गाड्या, अंधार. शिकलेल्या माणसाला लाज वाटावी असं ते होतं, पण आज लाज बाळगून चालणार नव्हतं. ती उठली नाही तर तिला उचलण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. आणि मनातली धास्ती वेगळीच होती. इथं ती सुखात दिसत होती. इथल्यांनी ठेवूनच घेतली तर?

त्यांनी चपला काढल्या. समोरच्या अंधाराला हात जोडले.

“आई… न्यायला आलोय मी तिला. तिच्यावाचून… मला करमत नाही हो.”

वरच्या मजल्यावरून येणारा टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केल्यासारखा थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग स्नेहलता हळूच उभी राहिली आणि तिनं पदर पसरला. त्या पदरात मूठ मूठ काहीतरी पडल्याचा आवाज मुकुंदरावांनी ऐकला. तिनं पदराला गाठ मारली, वाकून नमस्कार केला आणि त्यांचा हात धरला. तिचा हात ऊबदार होता. त्यांचाच गार पडला होता.

घरी आल्यावर ती लहान मुलीसारखी झोपली. त्यांनी गाठ सोडली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, एक नारळ. नारळाची शेंडी ओली होती. सगळं त्यांनी देवापुढे ठेवलं, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना. नवं कुलूप दुकानाच्या पिशवीतच राहिलं. ते लावायचं की नाही, हेही ठरेना.

तेवढ्यात फोन वाजला. ॲप विचारत होतं, ‘तुम्ही नुकतीच भेट दिलेलं ठिकाण अजून आहे का?’ खाली ‘आहे’ आणि ‘नाही’. ‘नाही’ म्हणावं तर पुन्हा ती हरवली तर शोधायचं कुठं? झोपलेल्या बायकोकडे पाहून मुकुंदरावांनी ‘आहे’ दाबलं.

‘आभारी आहोत. या ठिकाणाचा एक नवीन फोटो आला आहे.’

फोटो एका जुन्या घराच्या आतून काढलेला होता. पुढं खिडकीचे लाकडी गज, पलीकडे शेणानं सारवलेलं अंगण. अंगणाच्या फाटकापाशी, फोनमध्ये डोकं घालून, आत यावं की न यावं अशा घोटाळ्यात एक म्हातारा उभा होता. त्याच्या अंगात मुकुंदरावांचा आजचाच स्वेटर होता.

आणि अलीकडे, खिडकीच्या कट्ट्यावर, पाण्यानं भरलेला तांब्या ठेवलेला होता. त्याच्यावर फुलपात्र पालथं घातलं होतं. दाराशी आलेल्या जावयासाठी ठेवतात, तसं.