थांबपट्टी

बागडोगऱ्याच्या विमानतळावर पोहोचताच हेमांगी खोतने स्वच्छतागृहात जाऊन काखेखालची थांबपट्टी ओढून काढली. पट्टी काढल्यावर सहा-सात तासांत दूध सुरू होईल, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं, आणि झालंही तसंच. कोल्हापूरला घराच्या दारात ती उभी राहिली तेव्हा कुडता पुढून ओला झाला होता, आणि एकोणीस महिन्यांची ऋजू बापाच्या कडेवरून तिच्याकडे टक लावून पाहत होती.

मधे बहात्तर दिवस गेले होते. सिक्कीममध्ये साडेपाच हजार मीटर उंचीवर हिमनदीचं एक तळं भरत चाललं होतं. ते फुटून खालची गावं वाहून जाऊ नयेत म्हणून पाण्याला वाट करून देणारा बोगदा खणायचा होता. हेमांगी बोगद्यांची इंजिनियर. ऋजू ओळखेल का, अंगावर पिईल का, याची धाकधूक तिला विमानात होती. ऋजूने मिनिटभर विचार केला, मग स्वतःच कुडता ओढला आणि प्यायला लागली. हेमांगीचे डोळे भरून आले. पुष्कर, तिचा नवरा, बाजूला उभा राहून बघत होता.

वीस वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. मूल प्यायचं थांबलं की आठ-दहा दिवसांत दूध बनवणाऱ्या पेशींना गिऱ्हाईक गेल्याचं कळतं आणि त्या गाशा गुंडाळतात. कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या बायका दिवसातून सहा वेळा यंत्राने दूध काढून फेकायच्या, नाहीतर ते आटून जायचं. थांबपट्टी त्वचेतून एक निरोप थेंबाथेंबाने आत पाठवत राहते : बाळ आत्ताच पिऊन झालंय, पुढच्या वेळेला अवकाश आहे. मग दूध साचत नाही, ठणकत नाही आणि आटतही नाही. थांबून राहतं.

चौथ्या दिवशी दुपारी एका बालरुग्णालयाचा निरोप आला. ऋजूच्या आकडीनंतरची दुसरी तपासणी सोमवारी आहे, असं त्यात होतं.

"कसली आकडी?" हेमांगीने स्वयंपाकघरात येऊन विचारलं.

पुष्कर दोडका चिरत होता. त्याने मान वर केली नाही. "तुला माहीत आहे."

"मला काय माहीत आहे?"

"एकेचाळिसाव्या दिवशी मी फोन केला होता. तापात आकडी आली होती तिला. पाच दिवस दवाखान्यात होतो आम्ही. गुरुवारच्या हेलिकॉप्टरमध्ये तुझ्यासाठी जागा धरली होती. तू नको म्हणालीस."

"मी नको म्हणाले?"

"तूच. चार दिवस वाट बघतोय मी, तू आपणहून कधी विषय काढतेस त्याची."

तू खोटं बोलतोयस, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात तिला तो फोन आठवला. सगळा आठवला, परवा जेवायला काय होतं ते आठवावं तसा; तेव्हा त्यात लक्षात ठेवण्याजोगं काही वाटलंच नव्हतं. बोगद्याच्या कामाच्या तळावरचे सगळे फोन नोंदले जात. तिने ती नोंद मागवली आणि ऋजूला मांडीवर घेऊन ऐकली. पुष्करला धड बोलता येत नव्हतं. मागे ऋजू "आई, आई" करत होती. आणि मग हेमांगीला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत आणि मायाळू : "अरे, बरी आहे ती. झोपू दे तिला." त्यानंतर ती बाई नवऱ्याला ड्रिलचे दात कसे झिजतात ते सांगत बसली होती.

नोंद संपली तेव्हा हेमांगीने थांबपट्टीचं माहितीपत्रक शोधून पिशवीत टाकलं; त्या बहात्तर दिवसांत तिच्या अंगावर नवं असं तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी ऋजूला पुष्करपाशी ठेवून ती पुण्याला गेली. थांबपट्टी शोधणाऱ्या डॉक्टर मंदाकिनी टिळेकर तिथल्या केंद्रात बसत. साठीच्या, बारीक अंगाच्या बाई. त्यांनी तिचं सगळं बोलणं मधे न तोडता ऐकून घेतलं.

"दुधाचा कारभार मेंदूतून चालतो," त्या म्हणाल्या. "बाळ आत्ताच प्यायलंय हे मेंदूने खरं मानलं, तरच दूध टिकतं. आणि मेंदूने ते एकदा खरं मानलं, की त्याच्या लेखी बाळ तुमच्या कुशीतच आहे. पोट भरून झोपलेलं. कुशीतल्या बाळाची ओढ कशी लागणार?"

"ती फोनवर रडत होती."

"तुमचे कान ऐकत होते. पण अंग सांगत होतं की ती इथेच आहे, बरी आहे. अशा वेळी माणूस अंगावर विश्वास ठेवतो."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"दुसऱ्या चाचणीत लक्षात आलं. माहितीपत्रकात आहे, पान नऊ."

हेमांगीने पान नऊ काढलं. 'मुक्कामाच्या काळात मनःस्थिती स्थिर राहते.' तिने ते वाक्य दोनदा वाचलं. "हे तुम्ही फायद्यांच्या यादीत घातलंय."

"बायकांना कामावर पाठवणाऱ्यांना तो फायदाच वाटला. पूर्वी निम्म्याजणी तीन आठवड्यांत परत यायच्या."

"कारण त्यांना परत यावंसं वाटायचं," हेमांगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण शब्द दातांतून येत होते. "माझी पोर आकडीने ताठ झाली होती आणि मी दगड फोडण्याच्या गोष्टी सांगत होते. माझा नवरा माझ्याकडे बघतो तेव्हा त्याला ती बाई दिसते. तिचा आवाज माझा, निर्णय माझा, हेलिकॉप्टर नको म्हटल्याच्या कागदावरची सही माझी. ती मी नव्हते, हे मी कुणाला पटवून देऊ? जाब तरी कुणाला विचारू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "पट्टी उद्या बंद करता येईल. पण मला एक सांगा, घरी पोहोचलात त्या दिवशी तुम्ही तिला पाजलंत ना?"

पाजलं होतं, आणि याचाच हेमांगीला सगळ्यात जास्त संताप आला. ती उठून बाहेर आली.

बाहेर बाकावर एक तरुण बाई दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन बसली होती. तिच्या हातात तेच माहितीपत्रक होतं. रुबिना शेख, खोल समुद्रातल्या केबलच्या कामावर नव्वद दिवस निघालेली. हेमांगी तिच्याशेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं : फोन, हेलिकॉप्टर, पान नऊ. काही लपवलं नाही.

रुबिना मुलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. मग तिने हळूच विचारलं, "म्हणजे तिकडे गेल्यावर रडू येत नाही?"

"नाही."

"आणि दूध राहतं?"

"राहतं. पण मी काय सांगतेय ते—"

"कळलं मला, ताई. मागच्या खेपेला वीस दिवस गेले होते, पट्टीशिवाय. केबिनचं दार लावून मी भिंतीवर डोकं आपटायचे. जहाज काही मागे वळलं नाही. आताही जायचं तर आहेच. मग हे दुखणं बरोबर कशाला नेऊ?"

आतून रुबिनाचं नाव पुकारलं गेलं. "जरा धरता का याला? पट्टी लावताना मूल जवळ नको म्हणतात," असं म्हणून तिने मुलाला हेमांगीच्या हातात दिलं आणि ती आत गेली.

हेमांगी दारावर जाऊन धडका देणार होती. डॉक्टरांना, रुबिनाला, त्या जहाजाच्या मालकांना सगळ्यांना ऐकवायला तिच्या तोंडात शब्द तयार होते. पण मुलाला दुधाचा वास लागला होता. अनोळखी कुशीत त्याने तोंड फिरवलं, कुडत्याची कड मुठीत धरली आणि तो कुरकुरला. हेमांगीच्या छातीत झिणझिण्या आल्या आणि पान्हा फुटला. तिने दात आवळले, मुलाला अंगापासून दूर धरलं, खांद्यावर टाकलं. उपयोग झाला नाही. कुडता भिजत गेला. हे आपलं नाही, हे तिला कळत होतं. तिच्या अंगाला कळत नव्हतं.