तीनशे मीटर अलीकडचा नेपच्यून

"शुक्र परत आणलाय," असं म्हणत कुणी दारात उभं राहिलं, तर त्याला काय म्हणावं? मी लेथ बंद केला, हातावरचा भुसा झटकला आणि मग त्याच्याकडे पाहिलं. उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि रुमालात गुंडाळलेली वाटाण्याएवढी लाकडी गोळी.

"काय बिघडलं त्याचं?"

"अर्धा मिलिमीटर जास्त आहे. पृथ्वी एक सेंटीमीटरची धरली, तर शुक्र साडेनऊ मिलिमीटरचा हवा. तुम्ही दोघांना जुळी करून टाकलंत."

"मास्तर, लाकूड आहे ते. हवा कोरडी पडली की आक्रसतं. थोडं थांबलात तर आपोआप शुक्र होईल."

तो हसला नाही. म्हणजे ओठ हसले नाहीत... डोळ्यांचं मी सांगू शकत नाही.

हा शाळेतला नवा विज्ञानाचा मास्तर. आठ ग्रहांची ऑर्डर त्याने बाबांना दिली होती, मी बाहेर गेले असताना. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून लेथ माझ्या ताब्यात आहे आणि माझं काम आजवर कुणी परत आणलं नव्हतं. मी त्याच्यासमोर शुक्र पुन्हा कातला. त्याने मापून पाहिला, "आता बरोबर," म्हणाला आणि गेला. बाबांनी त्याचं नाव तिथल्या तिथे ठेवलं — अर्धा मिलिमीटर.

मग अर्धा मिलिमीटर रोज यायला लागला. शाळा सुटली की स्टुलावर. ग्रह तपासायला, म्हणे.

"हा बुध? मिरीएवढाच?" मी विचारलं.

"सगळ्यात लहान तो. पण सूर्याच्या जवळ, म्हणून घाई फार. अठ्ठ्याऐंशी दिवसांत एक फेरी."

"आणि मंगळ लाल का? लाजतो?"

"गंजलाय. मातीत लोह आहे."

"छे. लाजतो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

गुरूला अकरा सेंटीमीटरचा ठोकळा लागला. शनीची कडी मी पातळ प्लायवुडची केली. खरी कडी बर्फाच्या आणि दगडांच्या तुकड्यांची असते, हे त्याने मला सांगितलं. युरेनस कुशीवर पडून सूर्याभोवती फिरतो म्हणाला, तर बाबा आतून म्हणाले, "शहाणा ग्रह आहे." आणि नेपच्यून... निळा, थंड, सगळ्यांत लांब.

"एका फेरीला एकशे पासष्ट वर्षं लागतात त्याला," तो म्हणाला. "एकटाच असतो तिकडे."

"मग जवळ यायचं ना. कुणी अडवलंय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच खिशातून पट्टी काढून नेपच्यून मापायला घेतला. तिसऱ्यांदा.

शाळेच्या फाटकावर सूर्य रंगवायचा, आणि त्याच मापाने अंतरं धरून रस्त्याकडेला एकेक खांब, खांबावर एकेक ग्रह, असा त्याचा बेत होता. शनिवारी मुलं चालत सूर्यमाला बघणार. अंतर मोजायला मी त्याला लाकडी चाक करून दिलं. एक फेरी म्हणजे एक मीटर, आणि दर फेरीला पत्र्याची टिकटिक. दोन दिवसांनी येऊन म्हणाला, "नेपच्यून बरोबर तुमच्या दारासमोर येतोय. योगायोग." हे सगळं रंध्याकडे बघत.

त्याच दिवशी दुसरीही गोष्ट कळली. त्याची इथली नेमणूक तात्पुरती. दुसऱ्या गावच्या शाळेने कायमची नोकरी देऊ केली होती, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"काय कळवणार?"

"ठरत नाहीये."

मला राग आला. खरं सांगायचं तर मला हा माणूस हवा होता, त्याच्या पट्टीसकट. पण ज्याला अर्धा मिलिमीटर दिसतो, त्याला समोर बसलेली मी दिसत नाही? मी विचारणार नव्हते. मी कुणाच्या मागे लागणारी नाही.

शुक्रवारी खांब शाळेत पोचवले. येताना चाक घेऊन आले. रिकाम्या हाताने काय चालायचं, म्हणून सहज मोजत निघाले, दर शंभराला तळहातावर पेन्सिलीची रेघ. दारात पोचले तेव्हा बत्तीस रेघा आणि वर तीस मीटर. शाळेच्या फळ्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, नेपच्यून, तीन हजार पाचशे तीस. मी दारात उभी राहून खूप वेळ हसले.

शनिवारी सकाळी तो पहार घेऊन दारासमोर खड्डा खणत होता. मी चाक त्याच्यापुढे ठेवलं.

"हे खोटं बोलतं का, मास्तर?"

"नाही. तुम्हीच केलंय ना."

"मग फाटकापासून इथवर तीनशे मीटर कमी कसे भरले?"

पहार थांबली. कान मंगळासारखे झाले.

"बाकीचे सात ग्रह अचूक आहेत," तो म्हणाला.

"माझा शुक्र अर्ध्या मिलिमीटरसाठी परत केलात. हा एकच कसा चुकला?"

"चुकला नाही. मी... चुकवला. तीनशे मीटर पुढे पाण्याची टाकी आहे. तिथे मला काय काम? इथे खांब असला, तर रंग उडालाय का बघायला येता आलं असतं. दर आठवड्याला. मग तिकडे नाही म्हणून कळवायला कारण मिळालं असतं."

"आणि मी कारण म्हणून पुरत नाही?"

"पुरता," तो हळूच म्हणाला. "जास्तच होता. म्हणून तर विचारायचा धीर होईना."

आत बाबांची करवत केव्हाची थांबली होती.

मी खड्ड्याशेजारी पडलेला खांब उचलून त्याच्या खांद्यावर दिला. "मुलांना चुकीचं अंतर शिकवायचं नाही. नेपच्यून टाकीपाशी जाईल."

त्याचा चेहरा उतरला. "बरं. आणि... मी?"

"तू इथेच. आणि सोमवारचं पत्र आजच टाक."

मग आम्ही दोघं निघालो. त्याच्या खांद्यावर खांब, माझ्या हातात चाक, मोजणी त्याच्याकडे. मुलं यायला अजून तासभर होता. दोनशे सतराला मी त्याचा हात धरला आणि मास्तरचा आकडा चुकला. आम्हाला परत दारापासून मोजायला लागलं.