पुसलेलं पाणी

लतिका, नळाकडे नको पाहूस. तो मीच मघाशी घट्ट बंद केलाय. टपटप ऐकू येते खरी, पण तिचं शेवटी सांगतो. विनय, ती चिवड्याची बशी पुढे सरकव आणि बस नीट. गोष्ट माझी नाही, आत्मारामची आहे. त्याच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली, आणि तिन्ही वेळा एका अक्षराचा फरक पडला नाही. थापाड्याला ते जमत नाही.

गाव हेच, डार्मश्टाट. दहा वर्षं झाली या महिन्यात. एकोणीसशे एकोणसाठ, एकवीस नोव्हेंबर, शनिवार. दुसऱ्या दिवशी टोटेनझोनटाग होता, म्हणजे इथल्या लोकांची सर्वपित्री म्हणा. आत्माराम पुण्याचा, धरणांचं शिकायला आलेला. बॉम्बमध्ये अर्धं पडून पुन्हा उभारलेल्या एका घरात, माळ्यावर राहायचा. घरमालकीण फ्राऊ होलर मोठी कडक बाई. तिची एक पाटी होती. ती ज्याच्या दारावर लटकेल, त्यानं शनिवारी जिना पुसायचा. त्या आठवड्यात पाटी आत्मारामच्या दारावर होती. पुण्यात पठ्ठ्यानं स्वतःचं ताट उचललं नव्हतं, इथे चार मजले लख्ख पुसायचा. शेवटी सोनारानंच कान टोचावे लागतात!

त्याच्या खोलीत जोडीला कामेरान नावाचा कुर्द पोरगा होता, इराकच्या डोंगरातला. तोही धरणांचंच शिकायचा. त्याच्या गावाचं नाव कानीदार. नदीकाठचा बाजार, घराघरात वाळत घातलेली तंबाखू, आणि मशिदीमागे तुतीची एवढी झाडं की उन्हाळ्यात पोरांचे हात महिनाभर जांभळे. खाली धरण झालं आणि त्या गावाचं तळं व्हायचं ठरलं. सरकारी माणसं येऊन भिंतींवर पांढऱ्या रेघा मारून गेली, पाणी इथपर्यंत येईल म्हणून. वर टेकडीवर आखीव-रेखीव नवं कानीदार उभं राहिलं, तळ्याकाठचं. लोकांनी दारं-खिडक्या काढून गाढवांवरून वर नेल्या. कबरी तेवढ्या खालीच राहिल्या.

कामेराननं एकदा नकाशा पसरून आपल्या घराची उंची काढली होती. अकरा मीटर पाण्याखाली. त्यानं गणित दोनदा तपासलं. बरोबरच होतं.

सगळे वर गेले, त्याची आई तेवढी हलेना. थोरल्या भावाचं पत्र आलं, तेही तीन आठवडे जुनं: ‘पाणी तुतीपर्यंत आलंय. आई म्हणते, नदी माझ्या घरी येत असेल तर पाहुणीला दार लावू का? ती फक्त तुझं ऐकेल. ये.’ तिथे फोन कुठला! म्हणून त्या शनिवारी रात्री दहा चाळीसच्या गाडीनं तो निघाला. म्युनिक, मग इस्तंबूल, मग मिळेल त्या बसनं.

निघताना आत्मारामनं रीतसर त्याच्या हातावर चमचाभर दही ठेवलं. “जातो म्हणायचं नाही, येतो म्हण,” असं बजावलं. कामेराननं दही चाटलं आणि मराठीत म्हणाला, “येतो.”

मग जर्मनमध्ये म्हणाला, “आमच्याकडे निघालेल्याच्या मागे पाणी ओततात. मी इकडे निघालो तेव्हा आईनं तांब्याच्या वाडग्यानं ओतलं होतं. ती म्हणते, ते पुसायचं नाही. आपोआप वाळलं की समजायचं, माणूस पोचला.”

“मग मी ओततो की!” आत्माराम म्हणाला. “तू बिनघोर जा. मागे वळून बघू नकोस.”

पोरगा विश्वासानं जिना उतरला. आत्माराम भांडं भरून त्याच्यामागे खालपर्यंत गेला. पण दारात फ्राऊ होलर उभी.

“हं, जिना सुंदर झालाय,” ती म्हणाली. “उद्या चर्चहून माणसं यायचीत. थेंब दिसता कामा नये.”

हा बापडा लाजला. भांडं पाठीमागे लपवलं. ‘तसाही काय फरक पडतो,’ असं मनाशी म्हणाला. कामेरान कोपऱ्यावर वळला. त्यानं मागे पाहिलं नाही.

बाई आपल्या खोलीत गेली. आत्माराम वर निघाला. दुसऱ्या मजल्यावर पाय ओला झाला.

पायऱ्यांवर पाणी होतं. वरून खाली, एकाच धारेत, कुणीतरी फेकावं तसं. त्याला वाटलं, आपलंच भांडं हिंदकळलं. पण भांडं काठोकाठ भरलेलं होतं. पाणी बर्फासारखं गार होतं, आणि त्याला गाळाचा वास होता.

खालून दार करकरलं. “आत्माराम? काय सांडलं?”

“काही नाही, फ्राऊ होलर. पुसतो.”

त्यानं पुसलं. माळ्यापासून रस्त्याच्या दारापर्यंत. वळून वर पाहतो तर...

पुन्हा पाणी.

त्यानं पुन्हा पुसलं. गुडघ्यांवर बसून, पायरी पायरी. हात बधिर झाले. जिन्यातला दिवा आपोआप विझायचा, तो पुन्हा लावायचा. घड्याळात दहा अडतीस. वर कुणीच नव्हतं. खोलीला तर कुलूप होतं.

दिवा विझला.

त्यानं बटण दाबलं. तिसऱ्यांदा पाणी. या वेळी थोडंच... वाडग्यात तळाशी उरलेलं असावं तेवढं.

तरी त्यानं पुसलं. मी विचारलं त्याला, अरे, का पुसलंस? म्हणाला, “अहो, माझा आठवडा होता.” आणि ढसाढसा रडला.

शेवटची पायरी कोरडी झाली. आणि वर, त्याच्या दारापाशी, आवाज आला. धातूचं भांडं कुणीतरी हलकेच खाली ठेवल्याचा.

मग काही नाही...

तेव्हा त्याला कळलं, आपण काय पुसलं ते. तो बादली घेऊन धावत सुटला. स्टेशनवर पोचला तेव्हा फलाट रिकामा होता. त्यानं रुळांवर बादली ओतली. एक पोर्टर बघत राहिला.

तीन आठवड्यांनी भावाचं पत्र आलं, कामेरानच्या नावे. अर्धं जर्मनमध्ये होतं, तो निघाला असेल तर इथल्यांना कळावं म्हणून कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. आई बुधवारी, अठरा तारखेला गेली. म्हणजे त्या शनिवारच्या तीन दिवस आधी. ‘पाणी उंबऱ्याला लागलं होतं. तिला वर नव्या गावात पुरलं. तू वाटेत असशील तर ये, नसशील तर येऊ नकोस.’

कामेरान इस्तंबूलला पोचला, तिथून त्यानं एक कार्ड टाकलं होतं. पुढे काही नाही. कानीदारला तो पोचला नाही, इथेही परतला नाही. आत्मारामनं वकिलातीला पत्रं लिहिली, भावाला लिहिली. भाऊ दर वर्षी विचारायचा, तो तुमच्याकडे आहे का? पुढे पुढे दोघांनीही लिहिणं सोडलं.

बासष्टला आत्माराम पुण्याला परतला. जाण्याआधी माझ्याकडे आला, हातात एक पिशवी घेऊन. म्हणाला, “श्रीनाथराव, हे नेता येत नाही आणि टाकवतही नाही.”

पिशवीत जिना पुसायचं फडकं होतं. करड्या रंगाचं, साधं. तीन हिवाळे त्यानं ते शेगडीवर वाळत घातलं होतं.

खाली तळघरात तारेवर टांगलंय. त्याच्याखाली पातेलं ठेवलंय... नळ नाही गं तो, लतिका.

वाळत नाही. मी तरी काय करणार? पातेलं भरलं की रस्त्याच्या दारात नेऊन ओततो. आणि पुसत नाही.

चला, उशीर झाला. निघताना ‘येतो’ म्हणा. आणि जपून उतरा रे, खालची पायरी ओली असेल.