हसण्याची नोकरी

"अगं आई गं...!"

हे शब्द कानावर पडले आणि मी मासिकातून डोकं वर काढलं. विमान सुटल्यापासून तो विमानसेवक इतक्या गोड, इतक्या घोटीव इंग्रजीत बोलत होता की तो आपल्यातला असेल अशी शंकासुद्धा आली नव्हती. कॉफी ओतताना ती त्याच्या अंगठ्यावर सांडली होती. ट्रे मात्र जरासुद्धा हलला नव्हता, आणि चेहऱ्यावरचं हसूही जागच्या जागी होतं. म्हणजे दुखणं आईच्या वाट्याला आणि हसू प्रवाशांच्या!

"फार भाजलं का?" मी मराठीत विचारलं.

तो असा दचकला, जणू मी त्याची चोरी पकडली. "नाही, नाही... काही नाही मॅडम. आपल्याला कॉफीत दूध किती...?"

"आधी अंगठा गार पाण्याखाली धरा. कॉफी कुठे पळून जात नाही."

हुकूम सोडायची मला सवयच आहे. मीसुद्धा विमानातच काम करते, फक्त अमेरिकन कंपनीत. त्या दिवशी आमचं विमान रद्द झालं होतं आणि कामावर पोचण्यासाठी मला या दुसऱ्याच देशाच्या कंपनीच्या विमानात जागा मिळाली होती. साध्या कपड्यात, खिडकीपाशी, चक्क प्रवासी म्हणून मी बसले होते. कुणी आपल्याला विचारतंय, आपण फक्त 'हो' म्हणायचं... हा अनुभव मला नवीनच होता.

थोड्या वेळाने तो परत आला आणि माझ्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला. त्याचे डोळे बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आले.

"एक उशी आणून देऊ? मघापासून मानेला हात लावताय."

माझी मान दुखत होती हे मलासुद्धा तेव्हाच कळलं. लांबच्या ड्युट्या करून मान कायमचीच अवघडलेली, तिची चौकशी कुणी कधी केली नव्हती. माझ्या पोटात काहीतरी भुर्रकन उडालं...

उशी देऊन तो पुढच्या रांगेत गेला. तिथे एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. तो त्यांच्याही शेजारी गुडघ्यावर बसला. तेच मान झुकवणं, तेच हसू, तोच हलका आवाज. माझ्या पोटात उडालेलं जे काही होतं, ते मुकाट्याने खाली येऊन बसलं.

माझ्या गोंधळाची सुरुवात झाली ती इथे.

*

कर्मधर्मसंयोगाने आमच्या दोन्ही कंपन्यांच्या लोकांचा मुक्काम एकाच हॉटेलात असायचा. जाड गालिच्याचे बोळ, सगळ्या मजल्यांवर तोच एक फुलांचा वास, आणि खाली नाश्त्याची मोठी खोली. एका सकाळी मी टोस्ट घेऊन बसले होते, तर समोर हा उभा. अंगठ्याला पट्टी.

"इथे बसलो तर चालेल?"

"खुर्ची हॉटेलची आहे," मी म्हटलं.

तो बसला. मग पुढच्या मुक्कामालाही बसला. त्यानंतर त्याच्या आणि माझ्या ड्युट्या जुळल्या की खिडकीजवळचं ते टेबल आमचंच झालं. मी मनात त्याचं नाव 'हसरा' ठेवलं होतं. एकदा चुकून तोंडावरच म्हणून गेले, तर तो आणखीच हसला.

"मी एकदा तुमच्या कंपनीच्या विमानाने गेलो होतो," तो म्हणाला. "पाणी मागितलं."

"मग?"

"तुमच्या एका बाईंनी असं बघितलं माझ्याकडे... जणू मी त्यांची विहीरच मागतोय."

"पण मिळालं ना?"

"मिळालं. विमान उतरायला लागल्यावर."

"मग जिवंत उतरलात ना? आमचं काम तेवढंच. लाड करून घ्यायला आपापली घरं आहेत."

"आमच्याकडे जिवंत उतरवणं आणि लाड, दोन्ही त्याच तिकिटात."

"आणि हसायचा तास? आरशासमोर?"

त्याचे कान लाल झाले. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? वरचे सगळे दात दिसतात, खालचा एकही नाही. दर वेळी तेवढंच!"

त्यावर तो जे हसला, त्यात खालचेही दिसले. मला उगाचच आनंद झाला... आणि मग त्या आनंदाचाच राग आला.

कधी कधी तो खरंही बोलायचा. "तुमच्यात साठीच्या बायका अजून काम करतात. प्रवाशाला सरळ 'नाही' म्हणतात, आणि नोकरीवरही राहतात. आमच्याकडे एक तक्रार आली की पोटात गोळा येतो. मला हेवा वाटतो तुमचा. तुम्हाला चिडता येतं."

"आणि तुमच्याकडे प्रवासीच चिडला तर?"

"तर ज्याच्यावर तो चिडलाय त्याने परत त्याच्यासमोर जायचं नाही. आमच्या सगळ्यांवरच्या मोठ्या बाई जातात. नवा चेहरा दिसला की माणूस लवकर निवळतो. माफी त्या मागतात."

"शी! चूक एकाची आणि माफी दुसऱ्याची? आमच्याकडे ज्याने सांडलं त्यानेच पुसायचं."

"आणि पुसताना त्याने आणखी सांडलं तर?" त्याने गंभीरपणे विचारलं. मी टोस्टचा तुकडा त्याला फेकून मारला.

हे सगळं छान चाललं होतं. पण ते होतं काय, हे काही कळत नव्हतं. मी येण्याआधी माझ्या जागेवर गरम पाण्याचा पेला ठेवलेला असायचा. मी शिंकले की रुमाल पुढे. बाहेर पाऊस असला की माझी छत्री दाराशी, उघडायचीच काय ती बाकी. बरं, हे प्रेम म्हणावं, तर तो लिफ्टमध्ये अनोळखी आजींची पिशवीही तितक्याच मायेने धरायचा. तो आपल्याशी चांगला वागतो, हे ओळखायला अक्कल लागत नाही. पण तो आपल्याशीच चांगला वागतो का, हे कसं ओळखायचं?

मी ताईला फोन केला. माझी सख्खी मोठी बहीण. नुकतंच बाळ झालेलं, त्यामुळे झोप नाही आणि सहनशक्तीही नाही.

"अगं वेडे, आवडतेस तू त्याला."

"ताई, तो आजींची पिशवीसुद्धा अशीच धरतो."

"म्हणजे माणूस चांगला आहे."

"तीच तर पंचाईत आहे ना!"

ताईने सुस्कारा सोडला. "हे बघ, कंपनी तुला माझ्या गावी बदली देतेय. ऑफिसला महिनाअखेर उत्तर हवंय. तिकडून तुझ्या त्या हॉटेलाच्या गावाला तुमचं एकही विमान जात नाही. तेव्हा काय ते एकदाच विचारून टाक त्याला. असेल तर राहा तिकडेच. नसेल तर ये इकडे, बाळाला मावशी हवीय."

सांगायला किती सोपं! एरवी मी कॅप्टनलासुद्धा सुनावायला कमी करत नाही. पण या एका प्रश्नाने माझ्या जिभेला कुलूप लावलं होतं.

*

शेवटी विचारलं. नाश्त्यालाच. काचेवर पाऊस टपटपत होता. अंड्यांच्या काउंटरवर माझ्या कंपनीतली एक नवी मुलगी उभी होती, आणि हसऱ्याने आपली भरलेली प्लेट तिला देऊन टाकली होती. वर तिच्यासाठी खुर्चीही ओढली होती. मग तो माझ्यासमोर येऊन बसला, आणि तेच हसू माझ्याकडे वळवलं. तेच! मोजून तेवढंच!

"एक विचारू?" मी म्हटलं. "हे तुमचं... माझ्याशी हे जे वागणं आहे... हे काय आहे?"

त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग एखादा दिवा लावावा तसं हसू परत आलं.

"माझ्याकडून आपली काही गैरसोय झाली का, मॅडम?"

मॅडम! इतके दिवस टोस्ट फेकून मारल्यावर... मॅडम!

"हो," मी उठले. "फारच गैरसोय झाली."

आणि मी तरातरा निघून गेले. दारातून वळून पाहिलं. तो तसाच बसला होता, ते हसू चेहऱ्यावर घेऊन, जणू ते काढून कुठे ठेवायचं हेच त्याला आठवत नव्हतं. खोलीत जाऊन मी रडले. कशासाठी रडतेय तेही नीट कळेना. नकार मिळाला होता का? पण तो तर काहीच बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॅग घेऊन खाली आले. आमची बस लागायची होती. सोफ्यावर बसले, तोच समोर एक उंच बाई येऊन उभ्या राहिल्या. घट्ट अंबाडा, गळ्यात त्याच्या कंपनीचा रुमाल, हातात रिबन बांधलेला चॉकलेटचा डबा. त्या अलगद माझ्याशेजारी गुडघ्यावर बसल्या.

"आमच्या सहकाऱ्यामुळे आपल्याला जो मनस्ताप झाला," त्या अतिशय मृदू इंग्रजीत म्हणाल्या, "त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते."

मला वाटलं, आपण स्वप्न पाहतोय. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. या मोठ्या बाई! नवा चेहरा!

"त्याने... तुम्हाला पाठवलं?"

"त्यानेच विनंती केली. प्रवासी नाराज असेल तर आमची पद्धत अशी आहे की..."

"पण मी प्रवासी नाहीये!" मी ओरडलेच. लॉबीतली चार डोकी वळली.

बाई गोंधळल्या. त्यांच्याही चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं, आणि त्याखालून एक दमलेला, साधा चेहरा बाहेर आला. "मग तुम्ही कोण आहात?" त्यांनी अगदी खरं विचारलं.

हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी डबा उघडला आणि एक चॉकलेट त्यांनाच दिलं. त्यांनी ते विचार करत खाल्लं आणि उठून निघून गेल्या.

मी ताईला फोन लावला. "मी येते तिकडे."

"काय म्हणाला तो?"

"माझी तक्रार निकालात काढली त्याने. रीतसर. चॉकलेट देऊन."

"काय?"

"आल्यावर सांगते. विमानतळावर पोचले की ऑफिसला बदलीचा होकार कळवते."

मी फोन ठेवला. बस लागली, आम्ही सगळे चढलो. मी मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसले. दार बंद होत होतं, तोच कुणीतरी त्यात हात घातला.

तो होता. कोट नाही, टाय लोंबतोय, एका बुटाची नाडी सुटलेली. केसांतून पावसाचं पाणी गळत होतं. आमच्या बसमध्ये, आमच्या लोकांच्या पायांतल्या बॅगा तुडवत तो मागे आला. ज्याच्या ट्रेमधली वाटी कधी हलत नाही, तो चक्क दोघांवर आपटला आणि कुणाची माफीही मागितली नाही.

"मोठ्या बाईंनी मला विचारलं," तो धापा टाकत म्हणाला. "ती प्रवासी नाही, तर मग कोण आहे? मला सांगता येईना. तर म्हणाल्या, मग मला कशाला पाठवलंस, गाढवा?"

"बरोबर बोलल्या."

"मी घाबरलो होतो! तू चिडलीस, आणि माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. फक्त शिकवलेलं तेवढं उरलं. प्रवाशाला कसं शांत करायचं ते येतं मला. तुला कसं..." तो थांबला. "आणि मलाही राग आलाय तुझा. उत्तर ऐकायला थांबली का नाहीस?"

'तू' म्हणाला तो मला. त्याच्या कपाळाला आठी पडली होती, आणि हसू कुठेच नव्हतं. इतका वाईट दिसताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

"मग सांग आता उत्तर," मी कशीबशी म्हणाले.

"आवडतेस मला. फार. का ते विचारू नकोस, माझी आणखी पंचाईत होईल. सगळ्यांचं सगळं करतो मी, ती माझी नोकरी आहे. पण सुट्टीच्या दिवशी त्यातलं कुणीच आठवत नाही... तू आठवतेस. तू काय खाल्लं असशील, कुणावर ओरडली असशील. आणि मग मला हसायलाही येत नाही. नुसतं कसंतरी होतं."

"हे कंपनीत शिकवतात?"

"कंपनीत शिकवलं असतं तर याहून बरं जमलं असतं ना!"

पुढच्या बाकावरच्या आमच्या साठीच्या बाई मागे वळून टक लावून पाहत होत्या. त्यांना अक्षरही कळत नव्हतं, आणि सगळंच कळत होतं.

"मी बदली घेतेय," मी म्हटलं. "ताईच्या गावी. तिथून इकडे विमान नाही."

त्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "नको घेऊस," तो म्हणाला. मग स्वतःच दचकला. "म्हणजे... ताईंना गरज असेल तर घे. मी अडवत नाही. नाही, अडवतोय. मला नकोय ते. काय करायचं मला माहीत नाही, पण मला नकोय."

मलाही काही माहीत नव्हतं. तो एका देशाच्या विमानात, मी दुसऱ्या. दोघांच्या ड्युट्या दोन तऱ्हांच्या. लग्न करून भेटायचं कुठे, ढगात? पण बाळाला भेटायला रजा काढता येते. असं धावत आलेलं माणूस रजा काढून मिळत नाही. विमानतळावर पोचून ऑफिसला काय कळवायचं, तेवढं मात्र मला नीट कळलं.

बस अजून जागेवरच होती. ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता.

"ते साहेब आपल्या कंपनीचे नाहीत," तो मोठ्याने म्हणाला. "कोणाबरोबर आहेत?"

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. तोही माझ्याकडे बघत होता. ओला, घाबरलेला, श्वास रोखून.

मी बॅग उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा त्याच्यासाठी रिकामी केली.

"माझ्याबरोबर आहेत," मी म्हटलं. "चला, सोडा बस."