दुसरा चमचा

छत्रीची काडी मोडली नसती, तर मी त्या गल्लीत वळलेच नसते. किंवा वळलेही असते कदाचित… कारण तो आठवडाच वळण्याचा होता.

झालं असं, की औषधांच्या दुकानात माझ्या शेजारी बसणाऱ्या ताहेरा खाला गोळ्या मोजता मोजता म्हणाल्या, "महनूश, तुझा कालचा दिवस आणि गेल्या वर्षीचा दिवस शेजारी शेजारी ठेवले ना, तर कुठला कुठला ते तुझ्या आईलासुद्धा सांगता यायचं नाही." त्या हसल्या, मीही हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र डोळे का भरून आले, कळेना.

मग मी ठरवलं, रोज एक नवी गोष्ट करायची. लहानशीच. शनिवारी दुसऱ्या भट्टीवरून तिळाची रोटी आणली. रविवारी बसमध्ये डाव्या बाजूला बसले, तर नदी दिसली. सात वर्षं ती माझ्या पाठीमागून वाहत होती आणि मला पत्ता नव्हता. सोमवारी पावसात छत्री उलटी झाली नि काडी मोडली.

मासळीबाजारामागच्या गल्लीत छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच. वर लटकलेल्या छत्र्यांखाली एक तरुण मांडीवर ताटली घेऊन जेवत होता. मऊ भात, आणि लसणाचा वास सुटलेलं वांग्याचं भरीत. मला पाहून तो अर्धवट उठला. "या, बसा जेवायला."

हे आमच्या रश्तमध्ये सगळेच म्हणतात. जेवणाऱ्याने वाटेवरच्या माणसाला 'या' म्हणायचं, वाटेवरच्याने 'गोड लागो' म्हणून पुढे व्हायचं. तीनदा आग्रह झाला, तरच तो खरा धरायचा. एकदाच 'या' ऐकून कुणी बसल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

'गोड लागो' माझ्या ओठांवर आलंच होतं. पण सोमवारची नवी गोष्ट अजून व्हायची होती.

"बरं," मी म्हटलं, आणि स्टुलावर बसले.

त्याने ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ताटलीकडे पाहिलं. चमचा एकच होता. तो पुसून त्याने मला दिला आणि स्वतः रोटीचा तुकडा हातात घेतला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्याही झाल्या असणार. दोघेही आपापल्या काठाने खात होतो, मधला घास कुणी उचलीना.

"तुम्ही खरंच बसलात," शेवटी तो म्हणाला.

"तुम्ही खरंच बोलावलंत ना?"

त्याने मीठ तेवढं पुढे सरकवलं.

त्याचं नाव फर्शीद. दुसऱ्या दिवशी मी छत्री न्यायला गेले, तर फळीवर दोन ताटल्या होत्या. दोन चमचे होते. दुसऱ्या चमच्याला किमतीचा कागद अजून चिकटलेला होता. पण त्याने 'या' म्हटलं नाही, 'बसा' म्हटलं नाही. पायाने नुसतं स्टूल सरकवलं. बोलावणं म्हणावं, की जागा मोकळी केली म्हणावं? मी बसले आणि गोंधळलेलीच जेवले.

मग रोजच दुपारी माझी वाट तिकडून जाऊ लागली.

"छत्रीला काही झालेलं नाही," तो म्हणायचा.

"दांडा कुरकुरतो."

"दांडा लोखंडी आहे. कुरकुरेल कसा?"

"मग मीच कुरकुरत असेन…"

त्यावर तो मान खाली घालून हसायचा, आणि चांगल्या छत्रीला उगाच तेल लावायचा. ते हसू घेऊन मी उठायची. आणि तिथेच माझं सगळं बिनसायचं. कारण आमच्या गावात नावडत्या पाहुण्यालासुद्धा दारात म्हणतात, 'एवढी कसली घाई, थांबा अजून.' हा मात्र म्हणायचा, "बरं." एवढंच. त्या एका 'बरं'चा मी बसमध्ये कीस काढायची. आनंदाने म्हणाला? सुटलो एकदाचा, असं म्हणाला? डाव्या बाजूला नदी वाहत असायची, आणि मला ती दिसायची नाही.

ताहेरा खालांनी निकाल देऊन टाकला. एक तर तो घुम्या आहे, नाही तर त्याला तू नको आहेस.

अशातच मालकांनी मला बोलावून घेतलं. ते डोंगरापलीकडे कझवीन शहरात दुसरं दुकान काढत होते, आणि ते मी चालवावं असं त्यांच्या मनात होतं. गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं. केवढी मोठी नवी गोष्ट, आपणहून चालत आलेली! मला उडी मारावीशी वाटत होती, आणि पाय त्या गल्लीत रुतले होते. तो 'जाऊ नका' म्हणाला तर राहायचं, असं मी ठरवलं. मग वाटलं, 'जाऊ नका' तर इथे सगळेच म्हणतात. त्याचं खरं आहे, हे मी कशावरून ओळखू?

गुरुवारी फर्शीदला कझवीनचं सांगितलं. त्याच्या हातातली पक्कड थांबली. छतावर पाऊस वाजत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "चांगली संधी आहे. जा तुम्ही."

संपलं, मला वाटलं. मी उठले, छत्री घेतली. तरी रश्तच्या मुलीचं तोंड सवयीने बोलून गेलंच. "कधी कझवीनला आलात, तर या जेवायला."

"येतो," तो म्हणाला. "कधी येऊ?"

मी नुसती पाहत राहिले. "म्हणजे… कधीही."

"तुम्ही तिकडे गेलात, की पहिल्याच शुक्रवारी. त्या दिवशी दुकान बंद असतं. सकाळच्या पहिल्या बसने निघालो, तर साडेनऊला पोचेन. जेवायला फार लवकर होईल का?"

"फर्शीद आगा, मी ते… म्हणतात ना, तसं म्हटलं."

"माहीत आहे. त्या दिवशी मीही तसंच म्हटलं होतं."

मग एवढ्या दिवसांत बोलला नव्हता इतकं तो एका दमात बोलला. मी त्या स्टुलावर बसले तेव्हापासून त्याला कुणालाच वरवरचं 'या' म्हणता येईना. खरंच बसलं कुणी तर? गिऱ्हाइकं म्हणायला लागली, की फर्शीदला माणुसकी राहिली नाही.

"तुम्हाला रोज 'थांबा' म्हणावंसं वाटायचं," तो म्हणाला. "पण तुम्ही शब्द खरा धरता. मी 'थांबा' म्हटलं असतं, तर तुम्ही थांबला असता. आजही थांबला असता. मग कझवीन राहून गेलं असतं… ते मला नको होतं."

मला हसू येत होतं की रडू, तेही कळेना. "माझ्याकडे तिथे ताटली एकच असेल," मी कसंबसं म्हटलं.

"चालेल. सवय आहे."

त्याने फळीवरचा दुसरा चमचा काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. कागदाचा कोपरा अजून त्याला चिकटलेला होता. "हा तुमचा. माझा मी घेऊन येईन."

मी छत्री उघडली, आणि उंबऱ्यावरून मागे वळले.

"मग या," मी म्हटलं. एकदाच म्हटलं.