दोघांनी एकाच वेळी मागितलं तर

आमच्या इमारतीच्या दारांचं सॉफ्टवेअर मी लिहितो. कोण किती वाजता आलं, कोण चहाच्या नावाखाली किती वेळ गायब होतं, हे मशीनच्या आधी मला पाठ असतं. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी मात्र दोन दिवस कोडमधल्या एकाच कल्पनेवर अडकली होती. सिंगलटन.

"तुला आत्या किती?" मी विचारलं.

"एकच."

"घरात कुणीही, कुठूनही 'आत्या' म्हणून हाक मारली तर?"

"तीच येते. कटकट करत."

"झालं तर. दाराच्या कोडमध्ये आपण प्रत्येकजण असाच एकेक नग. पहिल्यांदा मागितला की बनतो. पुढे कितीही जणांनी मागितला तरी तोच मिळतो. नवा बनवायची सोय नाही."

तिनं पेन चावलं. "आणि तो बनायच्या आधी दोघांनी एकाच क्षणी मागितला तर?"

"दोन बनतील," मी कबूल केलं. माझ्या कोडमध्ये एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप नव्हतं, हे कार्टीनं बरोबर हेरलं होतं. "एकाची नोंद राहते. दुसऱ्याला कुणी विचारेनासं झालं, की मशीन त्याला पुसून टाकतं."

तीन वाजता लेकीचा फोन आला. "बाबा, सहाला नाटक आहे. दोनदा चुकवलंस. आज येशील ना?" त्याच क्षणी साहेब दुसऱ्या कानाशी वाकले, "आज थांबावं लागेल हं."

मी एकदाच "हो" म्हटलं. दोघंही खूश. मला माझंच कौतुक वाटलं.

चार चाळीसला कोडमध्ये कुलूप घातलं आणि ते चालू केलं. मला थांबवणारे साहेब पाचच्या ठोक्याला घरी गेले. ते नेहमीच जातात. मग मीही उठलो.

दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पडद्यावर माझं नाव, आणि पुढे: बाहेर गेले, ४.४०.

"अहो, जरा दार उघडता?"

आमचा पहारेकरी मुंगीकडेही पास मागतो. त्यानं मान वर केली नाही.

लेकीला फोन लावला. "बाळा, मी बोलतोय. जरा अडकलोय, पण येतो."

"बाबा माझी वेणी घालतोय. तुम्ही कोण?"

मागून कुणीतरी म्हणालं, "मान सरळ ठेव." तो आवाज मी ओळखला.

फोन बंद झाला.

जागेवर परत आलो. नवी मुलगी अजून होती.

"आणखी काही विचारायचंय?" मी म्हणालो. "विचार. काहीही विचार."

"कळलं," ती स्क्रीनकडे पाहत स्वतःशीच म्हणाली. कॉम्प्युटर बंद केला.

"थांब ना जरा."

ती उठली. पिशवीची चेन लागत नव्हती, म्हणून तिनं पिशवी माझ्या खुर्चीवर ठेवली.

मी खुर्चीतच होतो.

वजन लागलं नाही.